मागच्याची पावती पुढच्याच्या हातात

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. गगनबावडा तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राचे सचिव होते. “मॅडम, म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागाय लागलाय. माणसं ऐकंनात. काय करू, मशीन बंद करू काय?”

मी अंथरुणातच उठून बसले. आमची नवी प्रणाली त्या केंद्रावर सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करते, आणि केंद्र व मध्यवर्ती सर्व्हर यांच्यातली सगळी देवाणघेवाण मी स्वतः लिहिली होती. त्यामुळे चूक माझ्याच कामात असणार, हे तेव्हाच कळलं. शोधायची होती ती जागा.

काम काय होतं ते आधी सांगते. केंद्रावर माणूस किटली घेऊन येतो. दुधाचं माप होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगतं. केंद्रावरचा आमचा प्रोग्रॅम हे आकडे कोल्हापुरातल्या सर्व्हरकडे पाठवून विचारतो: या दुधाला दर काय? सर्व्हरवरची सेवा दरपत्रक बघते, सभासदाच्या खात्यात नोंद करते आणि दर व रक्कम परत पाठवते. मग पावती छापली जाते. पावतीवरचं नाव आणि लिटर केंद्रावरच्या प्रोग्रॅमकडून येतात. फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम मात्र सर्व्हरच्या उत्तरातून.

मधे निरोप्या म्हणून रॅबिटएमक्यू होतं. हे २००७ साली आलेलं ब्रोकर सॉफ्टवेअर अर्लँग भाषेत लिहिलंय, आणि अर्लँग मुळात एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्माला आली. रॅबिटएमक्यू निरोपांच्या देवाणघेवाणीसाठी जी भाषा बोलतं, म्हणजे जे नियम पाळतं, ती एएमक्यूपी. तिची सुरुवात २००३ च्या सुमारास जेपी मॉर्गन चेस बँकेत जॉन ओहारा यांनी केली. म्हणजे बँका आणि टेलिफोन, दोन्हीकडचं मुरलेलं सामान. मी ते निवडलं तेव्हा मनात एकच हिशेब होता: आपल्याकडे नेट जातं, वीज जाते, निरोप मधे कुठंतरी सांभाळून ठेवणारा कुणीतरी हवा.

ब्रोकरमार्फत प्रश्नोत्तर करायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. फोनवर आपण विचारतो आणि समोरचा त्याच तारेवर बोलतो. इथे तसं नसतं. प्रश्न एका रांगेत पडतो, उत्तर दुसऱ्याच रांगेत येतं, आणि दोघांची सांगड घालायचं काम विचारणाऱ्याचं. त्यासाठी निरोपावर दोन खुणा असतात. एक ‘रिप्लाय-टू’, म्हणजे उत्तर कुठल्या रांगेत टाकायचं. दुसरी ‘कोरिलेशन आयडी’, म्हणजे हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं. रॅबिटएमक्यूच्या स्वतःच्या शिकवणीतला सहावा धडा नेमका यावर आहे. त्यात फिबोनाची संख्या काढून देणारी सेवा करून दाखवलीय, आणि उत्तर आल्यावर आयडी जुळतो का हे तपासणारी एक ओळ आहे.

ती ओळ मी घेतली नव्हती. विसरले नव्हते, विचार करून गाळली होती. एका केंद्रावर एकच काटा, एकच मशीन, एका वेळी एकच माणूस. आधीच्याचं उत्तर आल्याशिवाय पुढच्याचा प्रश्न जातच नाही. प्रत्येक केंद्राची उत्तराची रांगही वेगळी. मग रांगेत जे उत्तर येईल ते समोर उभ्या असलेल्या माणसाचंच असणार ना?

ऑफिसला जाऊन लॉग, म्हणजे प्रोग्रॅमनं आपोआप ठेवलेली नोंदवही, उघडला, तेव्हा सकाळी काय झालं ते मिनिटामिनिटानं दिसलं.

सहा वाजून दोन मिनिटांनी एका गाईच्या दुधाचं माप झालं. प्रश्न गेला. नेट मंद होतं. माझ्या प्रोग्रॅमनं पाच सेकंद वाट बघितली आणि ‘सर्व्हरकडून उत्तर नाही’ असं दाखवलं. सचिवांनी, कुणीही करेल तसं, पुन्हा बटण दाबलं. दुसरा प्रश्न गेला. एवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोचलं. प्रोग्रॅमनं ते उचललं, पावती छापली. आकडे त्याच माणसाचे असल्यानं पावती बरोबर होती, तो किटली घेऊन घरी गेला. दोन सेकंदांनी दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आलं आणि रांगेत पडून राहिलं. त्याला मालकच उरला नव्हता.

पुढचा माणूस आला. त्याचा प्रश्न गेला आणि त्याच क्षणी प्रोग्रॅमला रांगेत एक उत्तर तयार दिसलं. तेच उचलून पावती छापली. त्याचं खरं उत्तर मागून आलं आणि त्याच्या पुढच्यासाठी थांबलं. तिथून पुढं प्रत्येकाला त्याच्या मागच्याची पावती. एकही एरर नाही, स्क्रीनवर सगळं हिरवं, उलट उत्तरं नेहमीपेक्षा झटपट येत होती. पहिले चार-पाच जण सगळे गाईवाले. ३.५ आणि ३.७ मधला फरक कोण बघत बसतो? मग एक म्हशीवाला आला. ज्याची म्हैस रोज सात फॅट देते, त्याच्या हातात ३.६ ची पावती पडली आणि त्यानं ती लगेच सचिवांच्या टेबलावर आपटली.

एकूण अकरा पावत्या चुकीच्या निघाल्या. सर्व्हरवर खात्यात दर बरोबर लागले होते, गडबड फक्त कागदावर झाली होती. पण कोल्हापूरकडं दूध घालणाऱ्या माणसाला कागद म्हणजेच हिशेब. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथं गेले, अकराही जणांना नवीन पावत्या दिल्या आणि चूक आमची होती हे सांगितलं. म्हशीवाले काका एवढंच म्हणाले, “मशीन चुकलं तर चालतंय बाई, पण चुकलं म्हणून त्यानं सांगाय पाहिजे.” माझ्या प्रोग्रॅममधला खरा दोष त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

दुरुस्ती छोटी होती. प्रत्येक प्रश्नावर एक नवा आयडी चिकटवायचा, सेवेनं तो जसाच्या तसा उत्तरावर उतरवायचा, आणि केंद्रानं आपल्या हातातल्या प्रश्नाशी जुळेल तेवढंच उत्तर घ्यायचं. पिठाच्या गिरणीत डब्यावर नावाची चिठ्ठी लावतात तसं. डबे कुठल्या क्रमानं दळून येतील याची खात्री कोण देणार? जे उत्तर जुळत नाही ते बाजूला टाकायचं, पण टाकल्याची नोंद लॉगमध्ये ठेवायची.

या शेवटच्या नोंदीचा मला अपेक्षेपेक्षा खूप उपयोग झाला. आठवडाभरात टाकून दिलेल्या उत्तरांची यादी जमली. ती बघताना कळलं की बहुतेक उत्तरं अर्ध्या सेकंदाच्या आत येतात, आणि जी उशिरा येतात ती सात ते नऊ सेकंदांच्या दरम्यान पोचतात. म्हणजे मी पाचव्या सेकंदाला हात टेकत होते आणि उत्तर वाटेतच होतं. हा पाचचा आकडा मी कुठून आणला होता? कुठूनच नाही. बरा वाटला म्हणून लिहिला होता. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, बारा सेकंद केला. केंद्रावर बारा सेकंद फार वाटतात, पण तेवढ्यात पुढच्याची किटली काट्यावर चढते, हे मी तिथं उभं राहून बघितलं होतं.

मला वाटलं, संपलं.

दहा दिवसांनी बिलं निघाली. त्याच केंद्रावरच्या एक मावशी बिल घेऊन सचिवांकडे आल्या. बिलात पैसे जास्त होते. “एवढं दूध मी घातलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. एका सकाळची नोंद दोनदा होती. बाकीची बिलं चाळली तर आणखी चार जणांच्या खात्यात तसंच निघालं. त्यात सहा वाजून दोन मिनिटांचा तो गाईवालाही होता. सचिवांनी बटण दोनदा दाबलं, सेवेकडे दोन प्रश्न गेले, सेवेनं दोन्हींची इमानेइतबारे नोंद केली. पावतीचा घोळ निस्तरण्याच्या नादात त्याच लॉगमधली ही दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती.

इथे मी बरीच अडखळले, कारण या वेळी तपासणीची एक ओळ घालून भागणार नव्हतं. उत्तर आलं नाही, याचे अर्थ तीन निघतात. प्रश्न पोचलाच नाही. प्रश्न पोचला, पण काम अजून चालू आहे. किंवा काम झालं आणि उत्तर वाटेत हरवलं. विचारणाऱ्याला बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. मी मात्र पहिला अर्थ धरून चालले होते. कितीही चांगलं नेट घ्या, कितीही भारी सर्व्हर घ्या, ही संदिग्धता पूर्ण जात नाही. दोन टेकड्यांवरच्या दोन सेनापतींनी दरीतून जासूद पाठवून हल्ल्याची वेळ ठरवायची, आणि जासूद पकडला जाऊ शकतो, असं एक जुनं कोडं संगणकशास्त्रात शिकवतात. पोच पाठवली तरी तिची पोच हवी, तिचीही हवी. कॉलेजात ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. मावशींचं बिल समोर ठेवल्यावर ते मला नीट कळलं.

सुटका एकच: पुन्हा विचारायला घाबरायचं नाही, पण पुन्हा विचारलं तरी काम एकदाच व्हायला हवं. सेवेनं ओळखलं पाहिजे की हा नवा प्रश्न नाही, मघाचाच परत आलाय. हा विचार जुना आहे. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरची प्रक्रिया बोलावण्यावर १९८४ साली लेख लिहिला. त्यात प्रत्येक कॉलला, म्हणजे अशा प्रत्येक बोलावण्याला, ओळख देण्याची आणि त्या ओळखीवरून दुबार आलेला कॉल बाजूला सारण्याची व्यवस्था आहे. माझ्या जन्माच्या आधीचं हे काम! ते वाचताना मला फार आधार वाटला. आपण ज्या खड्ड्यात पडलो तो खड्डा खरा आहे आणि त्यातून बाहेर पडायची वाट कुणीतरी बांधून ठेवलीय, असा.

मग माझा कोरिलेशन आयडी का पुरला नाही? कारण तो मी बटण दाबल्यावर तयार करत होते. दोनदा दाबलं की दोन आयडी. ती पाठवण्याची ओळख होती, दुधाची नव्हती. ओळख जन्मायला हवी ती काट्यावर, माप झालं त्या क्षणी. म्हणून आम्ही आयडी बदलला. केंद्राचा कोड, तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि त्या वेळच्या मापाचा अनुक्रमांक. माप झालं की आधी हे सगळं केंद्रावरच्या कंप्युटरच्या डिस्कवर लिहायचं आणि मगच पाठवायचं. मधेच वीज गेली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला, तरी मापाचा आयडी तोच. कोरिलेशन आयडी ठेवलाच, पण त्याचं काम फक्त उत्तराची जोडी लावण्यापुरतं.

सर्व्हरच्या बाजूला पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तक्त्यात या आयडीवर ‘युनिक’ बंधन घातलं, म्हणजे एक आयडी दोनदा येऊच शकत नाही. आधीपासून असेल तर नवी नोंद करू नकोस, हे एका आदेशात सांगायची सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून आहे. पण एवढ्यानं भागत नाही. दुबार प्रश्न आला की ‘नोंद आधीच आहे’ असं म्हणून सेवा गप्प बसली, तर केंद्रावर पावती कशी छापणार? त्याला पहिलंच उत्तर पुन्हा मिळायला हवं. त्यामुळे खात्यातली नोंद आणि दिलेलं उत्तर हे दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये साठवायचं ठरलं. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. दुबार प्रश्नाला साठवलेलं उत्तर काढून द्यायचं. मधल्या काळात दरपत्रक बदललं तरी उत्तर तेच, हा फायदा मला नंतर सुचला.

क्रमही महत्त्वाचा होता. सेवा ब्रोकरला ‘निरोप मिळाला’ अशी पोच देते. ती पोच मी निरोप हातात येताच देत होते. नोंद होण्याआधी सेवा बंद पडली तर ब्रोकरच्या लेखी काम झालेलं, आणि खात्यात काहीच नाही. आता आधी ट्रान्झॅक्शन पक्कं, मग उत्तर रवाना, मग पोच. मधे कुठंही तुटलं तर ब्रोकर तोच निरोप पुन्हा देतो, आणि दुबार ओळखता येत असल्यानं नुकसान काही नाही.

हे बसल्यावर एक गाठ आपोआप सुटली. केंद्राची उत्तराची रांग तात्पुरती असायची, कनेक्शन तुटलं की पुसली जायची. नसलेल्या रांगेच्या नावानं उत्तर पाठवलं तर रॅबिटएमक्यू ते मुकाट्यानं टाकून देतं. परत हवं असेल तर ‘मँडेटरी’ अशी खूण आधीच लावावी लागते. मी चार दिवस त्या रांगा टिकाऊ कशा करायच्या यावर घालवले होते. आता गरजच उरली नाही. उत्तर हरवलं तर हरवू दे, केंद्र तोच आयडी घेऊन पुन्हा विचारेल.

या वेळी मी केंद्रावर पाठवायची घाई केली नाही. ऑफिसातल्या दोन कंप्युटरवर शंभर मापं पाठवायची आणि मधेच सेवा बंद पाडायची, असं तीन दिवस केलं. कधी नोंदीआधी, कधी नोंद होऊन उत्तर जायच्या आत, कधी नेटची वायरच ओढून. शेवटी खात्यात शंभर नोंदी आणि केंद्रावर शंभर पावत्या असायला हव्यात. पहिल्या दिवशी आकडे जुळले नाहीत. उत्तर साठवायचा एक आदेश ट्रान्झॅक्शनच्या बाहेर राहिला होता. तिसऱ्या दिवशी सलग वीस फेऱ्या शंभराच्या शंभर आल्या, तेव्हा आमच्या टीम लीडनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

तिसरा धक्का पावसाळ्यात बसला, पण तो लवकर कळला. सर्व्हरची डिस्क भरली आणि सेवा पंचवीस मिनिटं बंद राहिली. केंद्रं विचारत राहिली, रांग फुगत गेली. सेवा उठली आणि सगळ्यात जुन्या प्रश्नापासून उत्तरं द्यायला लागली. त्या लोकांच्या पावत्या हातानं लिहून ते केव्हाच घरी गेले होते. नव्यांचा नंबर लागेपर्यंत त्यांचेही बारा सेकंद संपत, मग ते पुन्हा विचारत, आणि रांग आणखी लांब होई. सेवा जीव तोडून काम करत होती आणि एकाही जिवंत माणसाला उत्तर मिळत नव्हतं. पुन्हा विचारण्याआधीची वाट प्रत्येक वेळी दुप्पट करत नेली, आणि सगळी केंद्रं एकाच ठोक्याला विचारू नयेत म्हणून तिच्यात थोडा कमीजास्तपणा घातला. प्रश्नाला मुदतही लावायची होती. ब्रोकरला तशी मुदत निरोपावर देता येते.

पण मुदत लावायला बसले आणि हात थांबला. दराचा प्रश्न शिळा झाला तर फेकून देता येईल. दुधाची नोंद कशी फेकणार? माणसानं दूध घातलंय. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की एका निरोपात मी दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या: ‘दर सांग’ हा प्रश्न, आणि ‘एवढं दूध आलं’ ही खबर. प्रश्नाला उत्तर लगेच हवं, नाहीतर नको. खबर उशिरा पोचली तरी चालेल, हरवली तर चालणार नाही.

दोन्ही वेगळे केले. आणि वेगळे केल्यावर दिसलं की दराचा प्रश्न तर विचारायचीच गरज नाही. दरपत्रक रोज बदलत नाही. ते केंद्रावरच ठेवलं, बदललं की आवृत्ती क्रमांकासह खाली पाठवायचं. आता पावती नेटवाचून छापते. उरला खबरेचा निरोप आणि त्याची पोच. एवढे महिने मी ज्या प्रश्नोत्तराची डागडुजी करत होते त्यातला निम्मा भाग काढून टाकताना वाईट वाटलं नाही, हे खरंच सांगते. एक वाटलं, की हे पहिल्या दिवशी केंद्रावर तासभर उभी राहिले असते तर दिसलं असतं.

सचिवांच्या वहीत ते होतंच. नेट गेलं की ते वहीत लिहीत आणि सर्व्हरवर चढायच्या राहिलेल्या नोंदीपुढं पेन्सिलीनं टिंब देत. चढली की टिंब खोडायचं. झालं, झालं नाही, आणि तिसरं, अजून माहीत नाही. माझ्या स्क्रीनवर फक्त पहिल्या दोनच अवस्था होत्या. मी तिसरी त्यांच्या वहीतून उचलली. नोंदीपुढं पिवळं टिंब म्हणजे पोच बाकी, हिरवं म्हणजे खात्यात पक्की.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी त्या केंद्रावर होते. पाऊस धो धो, नेट सहा वाजताच गेलेलं. पावत्या निघत होत्या आणि स्क्रीनवर पिवळी टिंबं वाढत होती. म्हशीवाले काका आले, पावती डोळ्यांजवळ नेऊन फॅट वाचलं, घडी करून टोपीत खोचली आणि गेले. शेवटची किटली रिकामी झाली तेव्हा तेवीस टिंबं पिवळी होती. सचिव जागचे हलले नाहीत. साडेसातनंतर केव्हातरी नेट आलं आणि टिंबं एकेक करून हिरवी व्हायला लागली. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. एकवीस, बावीस. तेविसावं जरा थांबलं. दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो. ते हिरवं झालं, तसं त्यांनी मापाच्या रकान्यातला आकडा वहीशी ताडून बघितला आणि दिवा मालवायला उठले.